नकाशावरची ‘मु.’

घर बांधायला काढलं की सगळ्यात आधी सल्ले येतात. विटा, वाळू, खडी मागाहून येते, आणि पाणी आलं तर येतं. हे मी आमच्या भावकीतल्या रोहितला गेल्या महिन्यात सांगितलं तेव्हा तो हसला. रोहित शेंद्र्याला कारखान्यात नोकरीला आहे आणि करमाडच्या अलीकडे प्लॉट घेऊन घर बांधतो आहे. त्याच्या फोनमध्ये ते अख्खं घर आहे. बोटाने फिरवलं की फिरतं, छप्पर काढलं की आतला सोफा दिसतो, सोफ्यावरच्या उशासुद्धा दिसतात. “आत्या, तुमचं घर बांधलं तेव्हा काय काय झालं? काय धरून चालायचं, सांगा ना,” म्हणाला. मी सांगायला लागले, तर तिसऱ्या वाक्याला त्याला फोन आला आणि तो “आलोच” म्हणून गच्चीवर गेला तो चहा गार होईपर्यंत खाली आला नाही. म्हणून आता लिहूनच ठेवते. कागदाला मध्येच फोन येत नाही.

तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. दादा, आई आणि मी असे तिघं औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. दादा म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. आमच्या बरोबर खाली मिरची कांडायचा डंका होता. सकाळी तो सुरू झाला की भिंतीतले खिळे थरथरायचे आणि आम्ही तिघंही आपापल्या सुरात शिंकायला लागायचो. गल्लीतली माणसं म्हणे आमच्या शिंकांवरून डंका उघडला का ते ओळखायची. दोन खोल्यांच्या मधल्या दाराला फळी नव्हती, आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा पडदा होता. मला कपडे बदलायचे असले की मी “मी आत आहे हो” असं ओरडायची, मग दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून त्यातल्या एकादश्या मोठ्याने वाचायचे. बारा महिन्यांच्या एकादश्या मला त्यामुळेच पाठ झाल्या. आतून कडी लावता येईल असं दार आमच्या आयुष्यात एकच होतं, ते चार बिऱ्हाडांत मिळून असलेल्या न्हाणीघराचं, आणि तिथे कडी लावली रे लावली की बाहेरून कुणीतरी “झालं का?” म्हणून विचारायचं. आईला तर तेवढीही सवड नव्हती. तिला कुणीही हाक मारली की हाक पुरी व्हायच्या आत तिचं “आले, आले” सुरू व्हायचं. हातातलं पीठ, तोंडातला घास, डोक्यावर ओतायला घेतलेलं पाणी, काहीही असो, ती “आले” म्हणायची आणि यायची. माझ्या लहानपणी घरात सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द तोच.

दादांनी आमच्या शहराच्या कडेलाच असलेल्या सातारा गावच्या डोंगराच्या पायथ्याला प्लॉट घेतला तेव्हा मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. मला एक खोली हवी, कितीही लहान चालेल, पण तिला आतून कडी हवी. दादा म्हणाले, “देऊ की.” मी त्या दिवशी वेड्यासारखी खूश झाले. मला पुढे शिकायचं होतं, आणि पुढे शिकणारी माणसं दार लावून शिकतात अशी माझी पक्की समजूत होती. दार लावलेल्या माणसाला कुणी पीठ मळायला उठवत नाही, पाहुण्यांसमोर चहा घेऊन ये म्हणत नाही आणि ‘हिचं आता बघायला पाहिजे’ असं तिच्यासमोर बोलत नाही. आज मला त्या समजुतीचं हसू येत नाही. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना जे थोडेफार शहाणपणाचे विचार केले, त्यातला तो एक होता.

आता दादांच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. दादा कोणताही शब्द पुरा लिहीत नसत. कचेरीत जन्म घालवल्यामुळे त्यांना वाटायचं की शब्दाचं पहिलं अक्षर लिहून पुढे टिंब दिलं की उरलेला शब्द वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर समजून घ्यायचा असतो. किराण्याच्या चिठ्ठीवर ते ‘सा.’ लिहायचे आणि दुकानदार कधी साखर द्यायचा, कधी साबण, कधी साबुदाणा. एकदा एकादशीला घरात साबणाच्या वड्या आल्या होत्या. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते स्वतःचं नावही पुरं करत नसत. तर आमचा नकाशा एका नकाशावाल्याने रीतसर काढून दिला होता, पण तो निळ्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत होता. म्हणून दादांनी मिस्त्रीसाठी तो चौकटीच्या कागदावर मोठा करून मराठीत काढला. बैठकीवर लिहिलं ‘बै.’, स्वयंपाकघरावर ‘स्व.’, देवघरावर ‘दे.’, मोरीवर ‘मो.’. आणि मागच्या बाजूला, एक खाट आणि एक टेबल मावेल एवढा चौकोन होता, त्यावर लिहिलं ‘मु.’. मुक्ताची खोली. माझ्या नावाचं अक्षर मी बोटाने दोनदा गिरवलं.

दादांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे आबा. ते वैजापूरला शेती बघायचे आणि कांद्याच्या दिवसांत अडतीवर बसायचे. घर शहरात होणार म्हणजे ते सगळ्या भावकीचं होणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. दादांना मुलगा नव्हता, मी एकटीच होते, तेव्हा ते घर शेवटी कुणाकडे जाणार याचाही हिशेब त्यांनी केलेला असावा, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. ते प्लॉटवर आले, मुरमाच्या ढिगावर धोतर सावरत बसले आणि नकाशा मांडीवर घेतला.

“ह्ये ‘मु.’ म्हंजे?” त्यांनी विचारलं, आणि दादा तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, “हां हां. मुक्काम. पाकिटावर ल्हिवत्यात न्हवं, मु. पो. लई झाक केलंस बग. आपलं मानूस कोर्टाच्या तारखेला येतं, दवाखान्यात येतं, त्यानं काय ष्ट्यांडावर निजायचं? मुक्कामाची खोली पायजेच. आन् कुनी नसलं तं बाजरीची चार पोती ठिवता येत्यात.”

दादांना आबांसमोर ‘नाही’ हा शब्द उच्चारता येत नसे. ते म्हणाले, “बघू.” आबांना त्यात ‘हो’ ऐकू आलं.

आई डोक्यावर पदर घेऊन थोडी लांब उभी होती. थोरल्या दिराशी ती कधी सरळ बोलली नव्हती. आमच्याकडे तशी रीत होती. काही सांगायचंच झालं तर ती समोरच्या एखाद्या वस्तूला सांगायची. घरात खांबाला, चुलीला, इथे प्लॉटवर विटांच्या ढिगाला. तिने विटांकडे बघून म्हटलं, “ज्या पोरीला पुढं शिकायचंय तिनं अभ्यास कुठं करावा म्हनं?”

आबा मुरमाकडे बघून म्हणाले, “पोरगी आज हाय, दोन सालानं सासरी जाईल. तिला खोली कशाला? तिथं अभ्यास काय, माशा मारनार?” मग दादांकडे वळून, “आन् एक सांगतो, आतल्या दारास्नी आतनं कड्या लावू नको. घर हाय का लॉज? आपल्याच घरात आतनं कडी लावाया कुनापासनं भ्यायचंय?”

दादा म्हणाले, “बघू.” आणि दुसऱ्या दिवशी सुताराला आतल्या सगळ्या दारांना बाहेरूनच कड्या करायला सांगून आले. मला फार राग आला, पण घरात राग धरायला जागा नव्हती. मी पडद्याआड जाऊन रडले, आणि दादा बाहेर एकादश्या वाचायला लागले.

त्यानंतर दिशा बघणारे एक गृहस्थ आले. शेजारच्या प्लॉटवाल्यांनी त्यांची शिफारस केली होती, आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांचं दार त्यांनी तीनदा फिरवलं होतं हे आम्हाला उशिरा कळलं. त्यांच्याकडे चपट्या डबीएवढं होकायंत्र होतं. ते घेऊन ते नेमके सळयांच्या ढिगाशेजारी उभे राहिले, सुई लोखंडाकडे वळली आणि आमची उत्तर दिशा सळयांच्या ढिगात निघाली. त्याप्रमाणे स्वयंपाकघर हललं. पंधरवड्याने सळया कॉलमसाठी पलीकडे नेल्या आणि ते पुन्हा आले, तर उत्तर दिशाही सळयांबरोबर पलीकडे गेलेली. स्वयंपाकघर परत जागेवर आलं, पण मोरी मात्र जी फिरली ती ‘मु.’च्या भिंतीला येऊन चिकटली. त्यांनी ‘मु.’वर बोट ठेवून “हे काय?” म्हणून विचारलं. आबा म्हणाले मुक्काम, आई विटांना म्हणाली मुक्ता, दादा म्हणाले बघू. गृहस्थांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “असू द्या. तिथे काहीही चालेल. त्या कोपऱ्याला कसलाच दोष लागत नाही.” माझ्या खोलीबद्दल कुणा मोठ्या माणसाने काढलेले ते एवढेच चांगले उद्गार.

बांधकाम सलीम मिस्त्रीकडे होतं. पिकलेली दाढी, दोरीने कानाला बांधलेला चष्मा, आणि कसलीही अडचण सांगितली तरी एकच उत्तर: “टेन्शन नक्को लेओ साब, हो जाता.” ते माणूस म्हणून फार चांगले. चहा आधी आईला आणि मला द्यायचे, मग स्वतः घ्यायचे. पण त्यांचा एक बाणा होता. नकाशातलं काही कळलं नाही तर ते विचारत नसत. विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही असं ठरतं. आणि दादा कधी समजावून सांगत नसत, कारण लिहिलंय ना! अशा दोन मानी माणसांच्या मध्ये आमचं घर वर येत होतं.

आई आणि माझ्याकडे पाणी मारायचं काम होतं. नवीन भिंतीला, स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागतं, नाहीतर सिमेंट तडकतं. आता आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं हे मी सांगायला नको. शहराचं नाव बदललं, नळाकडे बघत बसायची सवय तीच आहे. गल्लीतल्या घरी आम्ही प्यायचं पाणी फडक्याने गाळून पुरवून पुरवून वापरायचो, आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं तुळशीला. आणि इथे टँकर सांगून भिंतींना पाईपने आंघोळी घालायचो. ऊन असं की भिंत पाणी पिताना सूं-सूं आवाज यायचा. आई म्हणायची, “पी माय पी, तुजं झालं की आमचं.” दुपारी बैठकीच्या सावलीत बसून आम्ही धपाटे आणि दही खायचो, सोबत मिरचीचा ठेचा, कधी डब्यात येसराची आमटी. ओल्या सिमेंटच्या वासात येसर फार छान लागतं, हे अजून कुणाला सांगितलं तर पटत नाही. जेवण झालं की मी मागच्या चौकोनात जाऊन उभी राहायची. तिथे खिडकीसाठी भिंतीत मोठी जागा सोडलेली होती आणि तिच्यातून साताऱ्याचा डोंगर दिसायचा. खाट इकडे, टेबल खिडकीखाली, असं मी हवेत मांडून बघायची. ही खोली मुक्कामाची होणार हे मला कळत होतं. तरी मांडून बघायची.

गिलावा निम्मा झाला आणि आबांच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही तिघंही वैजापूरला गेलो. लग्न, मग वरातीनंतरची पूजा, मग उरलेल्या बुंदीचं काय करायचं यावर भावकीची चर्चा, असे आठ-दहा दिवस गेले. जाताना दादांनी सलीम मिस्त्रींना सांगितलं, “मागची बाजू संपवून ठेवा. नकाशात सगळं लिहिलंय.” मिस्त्री म्हणाले, “टेन्शन नक्को.”

परत येताना आबा जीप करून आमच्याबरोबर आले. मागे बाजरीची पोती आणि कांद्याच्या गोण्या. मुक्कामाची खोली तयार झाली असणार, तर धान्य आत्ताच लावून घेऊ, म्हणजे खोली ताब्यात राहते, असा त्यांचा विचार. पुढच्या महिन्यात नवे व्याही दवाखान्याच्या कामाला शहरात यायचे होते, त्यांचाही मुक्काम तिथेच करायचं ठरलं होतं. मी गोणीवर बसून आले. कांद्याच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

सलीम मिस्त्री हसतमुखाने पुढे आले आणि आम्हाला मागे घेऊन गेले. माझ्या चौकोनाला दार लागलं होतं, पण ते लाकडाचं नव्हतं, पत्र्याचं होतं. आत गुळगुळीत कोबा केलेला, आणि तो चारी बाजूंनी एका कोपऱ्याकडे उतरत गेलेला. त्या कोपऱ्यात जाळी बसवलेलं भोक. भिंतींना कमरेएवढा सिमेंटचा चकचकीत लेप. खिडकी विटांनी बुजवून टाकलेली आणि वर छताजवळ हातभर झरोका ठेवलेला. डोंगर गेला होता.

“सलीमभाई, हे काय आहे?” दादांनी विचारलं.

“मुतारी, साब.”

बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

“मुतारी कुणी सांगितली तुम्हाला?”

“तुमनेच, साब!” मिस्त्रींनी खिशातून चौकटीचा कागद काढला आणि सिमेंट लागलेलं बोट त्यावर ठेवलं. “ये देखो. ‘मो.’ बोले तो मोरी. उसको लग के ‘मु.’. मो. के बाजू में मु., तो मुतारीच हुई ना? मैं चौथी तक मराठी शाळेत शिकेला हूँ साब.”

“अहो, पण एवढी मोठी मुतारी असते का?”

“वोईच मैं भी सोच्या,” मिस्त्री अगदी गंभीरपणे म्हणाले. “फिर बोल्या, साब का खानदान बडा है, गाँव से लोगां आते रहते. एक टाइम पे चार जने आए तो? और वो खिडकी बी इत्ती बडी रखे थे तुम लोगां. बाहर से सब दिखता साब, घर में औरतां हैं. मैं बंद कर दिया. आतून कडी बी लगाया, मजबूत.”

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते म्हणाले, “अहो सलीमभाई, ‘मु.’ म्हणजे...” आणि थांबले. त्यांच्या एका बाजूला आबा होते, एका बाजूला मी. आता तो शब्द पुरा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी मुक्ता म्हटलं असतं तर आबा दुखावले असते, आणि मुक्काम म्हटलं असतं तर मी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दादांनी घसा साफ केला.

“‘मु.’ म्हणजे... बघू,” ते म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, “गलत हुआ तो क्या बडी बात है, साब. कोबा खोद के लेवल कर देता. खिडकी बी खोल देता. अजून कुणी वापरली नाय, कोरी आहे.”

दादांच्या जिवात जीव आला. पण आबा दारातच उभे होते, आत पाऊल टाकायला तयार नव्हते. “आरं, लेवल करून काय व्हनार? मुतारी म्हनून बांधली ती मुतारीच. हा जीपवाला ऐकून ऱ्हायला, उद्या वैजापुरात बोंब व्हईल. व्याही म्हनतील, ह्यांची पोरगी केली आन् आमाला मुतारीत निजवलं. नाय, नाय. पाव्हन्याला नाय चालत.”

“मग धान्य तरी ठेवू,” दादा म्हणाले.

“अन्न ठिवतो व्हय मुतारीत? काय डोकं हाय का ठिकान्यावर?”

“मग देवघर इकडे घेऊन...” दादांनी वाक्य सुरू केलं आणि आबांच्या डोळ्यांकडे बघून तिथेच सोडलं.

तेव्हा आई बोलली. ती विटांच्या ढिगाकडे तोंड करून उभी होती. ती वळली, पदर नीट केला, आणि सरळ आबांकडे बघून बोलली. “पाव्हन्याला चालत नाय. धान्याला चालत नाय. देवाला तं नायच नाय. आबा, पोरीला चालंल. मुक्ती निजंल तिथं.” आणि मिस्त्रींना म्हणाली, “काय बी फोडू नका, भाऊ. उतार हाय तसाच ऱ्हाऊ द्या.”

आपल्या धाकट्या भावाची बायको आपल्याशी सरळ बोलली, याचा आबांना इतका धक्का बसला की तेही सरळच बोलून गेले. “बरं,” ते म्हणाले. बाजरीची पोती बैठकीत लागली, कांदे जिन्याखाली गेले. जिना अजून व्हायचा होता, म्हणजे कांदे उघड्यावरच राहिले, पण मुतारीपेक्षा उघडं आभाळ बरं असं आबांचं मत पडलं.

मी मात्र मागे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर जाऊन बसले आणि हमसून हमसून रडले. खोली मिळाली याचा आनंद मला झाला नाही. जी जागा कांद्याला चालत नाही ती मला चालते, हे आईनेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि एवढ्या माणसांत एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते मला आजही लागतं. पाणी मारायची वेळ झाली तशी आई पाईप घेऊन आली, माझ्या शेजारी उभी राहून भिंतीला पाणी घालायला लागली. माझ्याकडे न बघता ती भिंतीला म्हणाली, “रडून झालं असंल तं जाऊन दार बगावं. कडी कंच्या बाजूला हाय ते बगावं.”

मी गेले. पत्र्याचं दार ओढून घेतलं. अख्ख्या घरात आतून कडी असलेलं ते एकच खोलीचं दार होतं. कडी नवी होती, जरा घट्ट बसायची. दोन्ही हातांनी सरकवली तेव्हा ती खट्ट करून लागली. मी उतारावर तशीच उभी राहिले. बाहेरून दादांनी हाक मारली, “मुक्ते!” आणि मी ओ दिली नाही.

त्या खोलीत मी बारावी केली, बी.ए. केलं, बी.एड. केलं. खाटेच्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे घालावे लागत, नाहीतर झोपेत माणूस जाळीकडे सरकायचं. पेन्सिल, बांगडी, लिंबू, जे हातातून पडेल ते घरंगळत कोपऱ्यात जाऊन बसायचं, त्यामुळे वस्तू कधी हरवल्या नाहीत. भोकाला मी चिंधी कोंबायची, तरी झुरळं यायची ती यायचीच. भावकीत खोलीचं नाव मुक्तीची मुतारी असंच पडलं, आणि पोरं ते माझ्यासमोर म्हणून हसायची. पण इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने तिथे पाय ठेवला नाही. माझी स्थळं बघायला आलेली माणसं बैठकीत बाजरीच्या पोत्यांना टेकून बसायची, आणि मी मागे कडी लावून अभ्यास करत असायची. आबांनी आवाज चढवला तरी त्या दारापर्यंत येऊन ते परत फिरायचे.

गेल्या महिन्यात रोहितच्या फोनमधल्या घरात मी त्याच्या लेकीची खोली शोधली. बैठक होती, गेस्ट रूम होती, गाडीलासुद्धा खोली होती. लेकीसाठी म्हणून दाखवली तिच्यावर इंग्रजीत ‘एम. रूम’ लिहिलं होतं. एम. म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, “मल्टिपर्पज, आत्या. पाहुणे आले तर पाहुणे, नाहीतर तिची.” मी म्हटलं, “त्या कोपऱ्यात एक मोरी काढ.” त्याला वाटलं, आत्याला आता वयामुळे सारखं जावं लागत असेल. तो समजूतदारपणे म्हणाला, “बघू.”

तर बी.एड. झाल्यावर मला जालन्याला शाळेत नोकरी लागली आणि मी घर सोडलं. दादांनी निवृत्त झाल्यावर सगळीकडे फरशी बसवायची ठरवली. आईने बाकी कशातच तोंड घातलं नाही, फक्त मागच्या खोलीचा उतार काढू दिला नाही. दादा म्हणाले, “अगं, आता मुक्ता कुठे राहते तिथे? सपाट केली तर पाहुण्यांना होईल.” आई म्हणाली, “म्हनूनच म्हनते, ऱ्हाऊ द्या तशीच.”

त्याच वर्षी एकदा मी न कळवता दुपारची घरी आले. बैठकीत वैजापूरची सात-आठ माणसं बसलेली, दादा त्यांना नवी फरशी दाखवत होते, चहाचे रिकामे कप तसेच पडलेले. मला बघून दादा म्हणाले, “आई आहे बघ आत.” स्वयंपाकघरात आई नव्हती. देवघरात नव्हती. मागे गेले तर पत्र्याचं दार लागलेलं. मला वाटलं वाऱ्याने लागलं असेल, म्हणून ढकललं, तर आतून कडी होती. बैठकीतून कुणीतरी तिला हाक मारली. मी कान देऊन उभी राहिले, पण आतून “आले” आलं नाही. मग मी दारावर टिचकी मारली.

“कोन हाय?” आई म्हणाली.

“मी, मुक्ता.”

“थांब जरा,” ती म्हणाली.

आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी बॅग खाली ठेवली आणि बाहेर थांबले.